क्लाइन-लेविन सिंड्रोम : पुन्हा पुन्हा येणाऱ्या दीर्घ निद्रेचा दुर्मिळ विकार

क्लाइन-लेविन सिंड्रोम हा मेंदूचा अत्यंत दुर्मिळ विकार आहे. त्यात रुग्णाला काही दिवस ते काही आठवडे टिकणारी अतिनिद्रेची आवर्तने पुन्हा पुन्हा येतात. आवर्तनाच्या काळात रुग्ण दिवसातील १५ ते २० तास झोपतो. जो थोडा वेळ तो जागा असतो, त्या वेळीही तो गोंधळलेला, निरिच्छ आणि भोवतालापासून तुटलेला असतो. आवर्तन सरले की तो पूर्ववत होतो आणि पुढील आवर्तनापर्यंत त्याची झोप, बुद्धी व वागणूक यांत सहसा काहीही वावगे दिसत नाही. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात होते. दहा लाख लोकसंख्येमागे एक ते दोन जणांना तो होत असावा, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

मधल्या काळात रुग्ण निरोगी दिसतो, ही या विकाराची मुख्य खूण आहे आणि निदानातील मुख्य अडचणही तीच आहे. तज्ज्ञाची भेट मिळेपर्यंत आवर्तन ओसरलेले असते, मुलगा हसत-बोलत दवाखान्यात येतो आणि रक्त, मेंदूचा आलेख, एमआरआय या सर्व तपासण्या निर्दोष निघतात. मग घरी आणि शाळेत आळस, अभ्यासाची टाळाटाळ किंवा सोंग असे अर्थ लावले जातात. काही कुटुंबे बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे जातात. काही रुग्णांवर नैराश्य किंवा मनोविकार असा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षे त्याचीच औषधे चालू राहतात.

आवर्तनाचे स्वरूप

सुरुवात पुष्कळदा साध्या सर्दी-तापानंतर होते. ताप उतरतो, पण एक-दोन दिवसांत मुलाला अनावर झोप येऊ लागते. डोके जड होते, डोळ्यांवर प्रकाश सहन होत नाही, कोणी बोललेले नकोसे वाटते. तो लघवी-शौचासाठी उठतो, पुढ्यात ठेवलेले खातो आणि पुन्हा झोपतो. हलवून उठवले तर उठतो, पण चिडतो. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रुग्ण बेशुद्ध नसतो. त्याला जागे करता येत नसेल तर ते क्लाइन-लेविनचे लक्षण नव्हे. तशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

जागेपणीची अवस्था झोपेइतकीच विलक्षण असते. सगळे स्वप्नात घडत आहे, आपले हातपाय आपले नाहीत, समोरची माणसे खरी नाहीत, असे रुग्ण सांगतात. पाण्याचा स्पर्श, अन्नाची चव, ओळखीचा आवाज यांत काहीतरी चुकल्यासारखे वाटते. बोलणे संथ आणि क्वचित बालिश होते; एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. अनेक रुग्ण अधाशीपणे, विशेषतः गोड पदार्थ, खातात आणि काहींचे खाणे उलट कमी होते. काही रुग्णांत, मुख्यतः मुलांमध्ये, लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटतो. कुटुंबाला सर्वाधिक लाज याच लक्षणाची वाटते आणि डॉक्टरांपासून लपवले जाते तेही हेच. वास्तविक निदानासाठी ते मोलाचे असते.

आवर्तनाचा शेत अनेकदा अचानक होतो. एके सकाळी मुलगा उठतो, अंघोळ करतो आणि आज वार कोणता असे विचारतो. त्यानंतरच्या एक-दोन रात्री काहींना झोपच लागत नाही आणि मन अकारण उल्हसित राहते. मागे गेलेल्या दिवसांची आठवण तुटक असते, कधी मुळीच नसते.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या विकाराला परीकथेतील निद्रिस्त राजकन्येचे नाव दिले आहे. नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष असल्याने ते नाव मुळातच चुकीचे ठरते. आपल्याकडे कुंभकर्णाची उपमा सहज सुचते. पण रामायणातला कुंभकर्ण सहा महिने झोपून उठल्यावर खातो, तर या विकारातील अतिखाणे आवर्तन चालू असतानाच घडते. शिवाय मराठीत कुंभकर्ण हे दूषण आहे. आजारी मुलाला ते चिकटवणाऱ्या बातम्या त्याच्या शाळासोबत्यांपर्यंत पोहोचतात, याचे भान वृत्तमाध्यमांनीही ठेवावयास हवे.

क्लाइन, लेविन आणि क्रिचली

पुन्हा पुन्हा येणाऱ्या दीर्घ झोपेची वर्णने फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरपासून आढळतात. विकाराचा पद्धतशीर अभ्यास मात्र पहिल्या महायुद्धानंतरचा आहे. त्या काळी झोप हा वैद्यकातील ज्वलंत विषय होता. १९१७ मध्ये व्हिएन्नातील कॉन्स्टान्टिन फॉन एकोनोमो यांनी निद्रालू मेंदूज्वराचे वर्णन केले होते. मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीवरून झोप व जाग यांचे नियंत्रण मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमसच्या परिसरात होत असावे, असे त्यांनी सुचवले. युरोपभर त्या साथीचे रुग्ण असताना १९२५ मध्ये फ्रांकफुर्टमधील मानसोपचारतज्ज्ञ विली क्लाइन यांनी ठरावीक काळाने येणाऱ्या अतिनिद्रेच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मॅक्स लेविन यांनी १९३६ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात झोपेच्या जोडीने येणाऱ्या विकृत भुकेवर भर देऊन हा स्वतंत्र लक्षणसमूह असल्याचे मांडले.

दोघांची नावे जोडण्याचे काम ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ मॅक्डोनाल्ड क्रिचली आणि हॉफमन यांनी १९४२ मध्ये केले. क्रिचली त्या वेळी ब्रिटिश नौदलात होते. तरुण पुरुषांची मोठी संख्या एकत्र असलेली आणि गैरहजेरीची काटेकोर नोंद ठेवणारी संस्था म्हणजे सैन्य. असा विकार तेथे नजरेस यावा हे स्वाभाविकच होते. १९६२ मध्ये क्रिचली यांनी जगभरातील २६ रुग्णांचा आढावा घेतला. रुग्ण तरुण पुरुष असतो, त्याला आवर्तने येतात, तो भरमसाट खातो आणि अखेर विकार आपोआप नाहीसा होतो, असे चित्र त्यातून रूढ झाले.

हे चित्र पुढे बरेच बदलले. पॅरिसमधील इझाबेल आर्न्युल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेल्या १८६ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात सुरुवातीचे मध्यक वय १५ वर्षे होते. एक आवर्तन साधारण १० दिवस टिकत होते आणि साडेतीन महिन्यांनी परत येत होते. आकलनातील बिघाड ९६ टक्के रुग्णांत होता, खाण्यातील बदल ८० टक्क्यांत, नैराश्य ४८ टक्क्यांत आणि लैंगिक वर्तनातील बदल ४३ टक्क्यांत. म्हणजे पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेलेले झोप, भूक व कामेच्छा हे त्रिकूट सर्वांत आढळत नाही. भान हरपल्यासारखी, सारे अवास्तव भासण्याची अवस्था हीच झोपेखालोखाल खरी खूण ठरते. त्रिकूट पूर्ण नाही म्हणून निदान नाकारले गेल्याने अनेक रुग्णांची वर्षे वाया गेली असतील, असे या आकड्यांवरून म्हणता येते. मुलींमध्ये त्रिकूट अपुरे राहण्याचा संभव अधिक, त्यामुळे त्यांच्या बाबतीत चूक होण्याचा संभवही अधिक.

कारणांचा शोध

नेमके कारण अद्याप हाती आलेले नाही. पहिल्या आवर्तनापूर्वी संसर्ग झाल्याचे अनेक रुग्णांत आढळते. डोक्याला मार, मद्यपान, सलग जागरण ही इतर निमित्ते. काही मुलींमध्ये आवर्तने मासिक पाळीशी निगडित असतात. झोपविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो याच विकाराचा उपप्रकार मानला जातो. तैवानमधील तज्ज्ञांनी केलेल्या रक्तप्रवाहाच्या चित्रणात आवर्तनाच्या काळात थॅलॅमसकडील रक्तप्रवाह मंदावल्याचे दिसले. शरीराकडून येणाऱ्या बहुतेक संवेदना मेंदूच्या बाह्यस्तराकडे जाताना थॅलॅमसमधूनच जातात. जग परके वाटण्याच्या लक्षणाशी हे निरीक्षण जुळते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने २०२१ मध्ये ६७३ रुग्णांच्या जनुकीय आराखड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ट्रँक-१ या जनुकाच्या परिसरातील बदलांचा विकाराशी संबंध आढळला. जन्माच्या वेळी गुंतागुंत झालेल्या रुग्णांत हा संबंध अधिक ठळक होता. हाच जनुकीय परिसर द्विध्रुवी मनोविकाराशीही जोडला गेलेला आहे. हा मनाचा विकार की मेंदूचा, हा जुना वाद अशा निष्कर्षांपुढे निरर्थक वाटू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी २०२२ पासून लागू झाली, निद्रा-जागृतीच्या विकारांना मनोविकार व मज्जाविकार या दोहोंपासून वेगळे प्रकरण दिले आहे. त्यात क्लाइन-लेविनला स्वतःचा संकेतांक मिळाला आहे. विमा आणि प्रमाणपत्रांच्या कामी कुटुंबांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

भारतातील स्थिती आणि तालुक्याचे गाव

भारतातील रुग्णाची नोंद नवी नाही. प्रभाकरन, मूर्ती आणि मल्ल्या यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये १९७० साली भारतातील एका रुग्णाची माहिती दिली. १९८२ मध्ये शुक्ला, बाजपेयी आणि मिश्रा यांनी त्याच नियतकालिकात आणखी एक रुग्ण नोंदवला. त्यानंतर देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतून तुरळक नोंदी येत राहिल्या. दहा लाखांत एक-दोन हे प्रमाण गृहीत धरले तर सुमारे १४० कोटींच्या देशात हजार-दीड हजार ते अडीच-पावणेतीन हजार रुग्ण असावयास हवेत. प्रसिद्ध नोंदी त्या मानाने मोजक्याच आहेत. उरलेले रुग्ण कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या नावाखाली, किंवा नावाशिवाय, जगत असणार.

हेच गणित एका जिल्ह्यापुरते करून पाहता येते. तमिळनाडूतील तंजावूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख होती. म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात दोन ते पाच रुग्ण. तंजावूर-पट्टुकोट्टै रस्त्यावरील ओरत्तनाडु हे तालुक्याचे ठिकाण घेतले, तर तेथील एखाद्या डॉक्टरच्या संपूर्ण कारकिर्दीत असा रुग्ण एकदाच येईल किंवा येणारही नाही. त्या डॉक्टरला विकार ओळखता आला नाही तर दोष देता येत नाही. झोपेची प्रयोगशाळाही अशा गावात असण्याची अपेक्षा नाही. तथापि हे निदान यंत्रापेक्षा तारखांवर अधिक अवलंबून असते, आणि तारखा ओरत्तनाडूतही लिहून ठेवता येतात.

मराठी वाचकाला हे गाव सर्वस्वी परके नाही. तंजावूरचे दुसरे सरफोजी राजे, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती, त्यांनी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र याच गावात आहे. तंजावूरच्या मराठा छत्रांत वाटसरूंना अन्नाबरोबर वैद्याचे उपचारही मिळत. सरफोजींच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. प्रत्येक रुग्णाचे वेगळे टिपण ठेवण्याची ती शिस्त दोनशे वर्षांपूर्वीची आहे. क्लाइन-लेविनच्या रुग्णासाठी आजही तिच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

निदान कशावर ठरते

झोपविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार किमान दोन आवर्तने झालेली असावी लागतात. प्रत्येक आवर्तन दोन दिवस ते पाच आठवडे टिकलेले असावे. आवर्तने सामान्यतः वर्षातून एकाहून अधिक वेळा आणि निदान १८ महिन्यांतून एकदा तरी यावीत. मधल्या काळात जाग, आकलन, वागणूक व मनःस्थिती नेहमीसारखी असावी. आवर्तनात आकलनातील बिघाड, भोवताल अवास्तव भासणे, खाण्यातील बदल किंवा संयम सुटलेले वर्तन यांपैकी एक तरी लक्षण हवे. आणि हे सारे दुसऱ्या आजाराने वा औषधाने घडलेले नसावे.

शेवटच्या अटीवरच सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. पहिल्याच आवर्तनात हे क्लाइन-लेविन आहे असे कोणी म्हणत असेल तर ते घाईचे आहे. ताप, डोकेदुखी आणि गुंगी घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत आपल्या देशात आधी मेंदूज्वर आणि क्षयाचा मेंदूआवरणदाह यांचा विचार करणे भाग आहे. त्यात उशीर झाला तर जीव जातो. अपस्मार, मेंदूतील गाठ, झोपेच्या गोळ्या किंवा अमली पदार्थ, यकृत व चयापचयाचे बिघाड, नैराश्य, नार्कोलेप्सी हेही तपासून वगळावे लागते. नार्कोलेप्सीत झोप रोज आणि थोड्या थोड्या वेळाची येते. महिनोन्महिने रजा घेऊन ती परतत नाही. एमआरआय, मेंदूचा आलेख आणि गरज पडल्यास पाठीच्या मणक्यातील पाण्याची तपासणी या इतर आजार नाकारण्यासाठी असतात. क्लाइन-लेविन सिद्ध करणारी रक्ताची किंवा चित्रणाची एकही चाचणी आजमितीस उपलब्ध नाही.

म्हणून कुटुंबाने दुसऱ्या आवर्तनापासून वही ठेवावी, असे सुचवले जाते. सुरुवात व शेवट यांच्या तारखा, आधी ताप-जागरण-प्रवास काही झाले होते का, दिवसाचे झोपेचे तास, काय व किती खाल्ले, काय बोलला, पाळीची तारीख. मुलाची प्रतिष्ठा राखून घेतलेले दोन मिनिटांचे मोबाइल चित्रीकरणही डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. अशी वही घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेंदूविकार विभागात किंवा बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत गेलेल्या कुटुंबाची एक-दोन वर्षांची वणवण वाचू शकते.

उपचार आणि मर्यादा

विकार मुळापासून घालवणारे औषध नाही. चालू आवर्तन थांबवण्यासाठी अमँटाडीन दिले जाते; काहींना गुण येतो, अनेकांना येत नाही. जागे ठेवणाऱ्या औषधांनी डोळे उघडे राहतात पण गोंधळ तसाच राहतो, म्हणून त्यांचा उपयोग मर्यादित आहे. महिन्याहून लांबणाऱ्या आवर्तनांत शिरेतून स्टिरॉइड देण्याचा प्रयोग काही केंद्रांनी केला असून काही रुग्णांत आवर्तन आखूड झाल्याचे आढळले आहे.

वारंवार येणारी आवर्तने रोखण्यासाठी लिथियमचा आधार घेतला जातो. २००५ च्या आढाव्यात लिथियम घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के रुग्णांची आवर्तने थांबली. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. फरक आहे, पण तो नियंत्रित चाचणीतून आलेला नाही. लिथियम हे सांभाळून देण्याचे औषध आहे. रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. उन्हाळ्यात घामाने वा जुलाबाने शरीरातील पाणी घटले की त्याची पातळी धोकादायक वाढू शकते. कावेरीच्या खोऱ्यातील किंवा विदर्भातील मे महिन्यात ही सूचना कागदावरची राहत नाही. वर्षातून एखादेच छोटे आवर्तन येत असेल तर औषधाविना केवळ देखरेख ठेवणे अनेक तज्ज्ञ पसंत करतात.

देखरेख म्हणजे मुख्यतः घरी, ओळखीच्या खोलीत, शांतपणे झोपू देणे. बळजबरीने उठवून शाळेत पाठवल्याने आवर्तन आखूड होत नाही. उलट गोंधळ आणि चिडचिड वाढते. रुग्णाला एकटे सोडू नये, वाहन चालवू देऊ नये, पाणी व अन्न वेळेवर द्यावे. नैराश्य खोल असेल आणि मरणाची भाषा होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य विनाविलंब घ्यावे. मधल्या काळात जागरण आणि मद्य टाळणे हे रुग्णाच्या स्वतःच्या हातात असते.

विकार बहुतेकांत कालांतराने विरत जातो. २००५ च्या आढाव्यात त्याचा मध्यक कालावधी ८ वर्षे होता. त्याच गटाने २००८ मध्ये १०८ रुग्णांना प्रत्यक्ष तपासून केलेल्या अभ्यासात तो १३ वर्षांहून अधिक निघाला. वयाच्या विशीनंतर सुरू झालेला विकार अधिक काळ रेंगाळतो. मधल्या काळात रुग्ण संपूर्ण निरोगी असतो हे जुने विधानही आता थोडे सौम्य करावे लागते. काही रुग्णांत आवर्तनांच्या बाहेरही स्मरण आणि विचारांचा वेग किंचित कमी झाल्याचे अलीकडील अभ्यासांत दिसले आहे. परीक्षेतील गुण घसरले तर त्यामागे हेही कारण असू शकते.

आठ ते तेरा वर्षांचा हा काळ दहावी, बारावी, पदवी आणि पहिली नोकरी यांवरच येऊन पडतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांत ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. दीर्घ आजारपणात वैद्यकीय कागदपत्रांच्या आधारे तीत सवलत मागता येते. कागदपत्रे परीक्षेच्या तोंडावर गोळा करणे कठीण जाते, कारण त्या वेळी रुग्ण झोपलेला असू शकतो. निदानाचे पत्र, मागील आवर्तनांच्या तारखा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शेरा शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच मुख्याध्यापकांकडे दिलेला बरा.